सरपंचाचा सोमवार आणि लेंडीची वाट

"ह्याचं पोट थांबलंय, काकू."

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या सशाच्या पोटावरून स्टेथोस्कोप काढला आणि असं सांगितलं. पोट दुखतं, बिघडतं, सुटतं, हे मला ठाऊक होतं. पोट थांबतं हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. टेबलावर आमचा सरपंच अंग आक्रसून बसला होता आणि दात करकर वाजवत होता.

"ह्याला जी आय स्टॅसिस म्हणतात," त्या म्हणाल्या. "गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्टॅसिस. सशाचं आतडं सारखं चालू असावं लागतं. ते थांबलं की गॅस धरतो. गॅसनं दुखतं, दुखलं की ससा खात नाही, आणि खाल्लं नाही की आतडं आणखी थांबतं. कधीपासून खाल्लं नाही?"

"काल सकाळपासून. सोमवारपासून."

"मग तुम्ही काय केलं?"

काय सांगू? आम्ही हसलो होतो. मला तिथल्या तिथं धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आता नीट सांगते. आम्ही लातूरचे. आमच्या ह्यांचं वह्या-पेनांचं दुकान हाय, मी घरी पिको-फॉल करते. हा ससा आमच्या लेकीनं, पूजानं, कॉलेजात असताना आणला. घराच्या मधोमध पसरून बसायचा, कुणाचं काम करायचा न्हाई आणि सगळ्यांनी बाजूनं जावं अशी अपेक्षा ठेवायचा, म्हणून त्याचं नाव सरपंच. पूजा लग्न होऊन नांदेडला गेली आणि ससा आमच्या पदरात पडला. तेव्हा तो आठ वर्षांचा झालेला. सशाच्या मानानं ते आजोबापण झालं.

आमच्या घरात सोमवार म्हणजे सोमवार. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी घेत न्हाईत, आणि सोमवारी एकच वेळ जेवतात. त्या सोमवारी सरपंचानं भिजवलेले हरभरे तसेच ठेवले. आत्याबाईंनी पूजेतलं बेलाचं पान पुढं केलं, ते त्यानं हुंगलंसुद्धा न्हाई.

"बघ गं सुमन, ह्यानंबी सोमवार धरला," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या. "एवढा कळता जीव हाय."

मी हसले. ह्यांनी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांना सांगितलं.

मंगळवारी सकाळीही तो खाईना, तेव्हा आत्याबाईंनी हुकूम सोडला, "पोट जड झालं असंल. लंघन होऊ द्या. एक दिवस काय न्हाई खाल्लं म्हणून कोण मरतंय?" आमच्याकडं पोटाच्या कुठल्याही तक्रारीला पहिलं औषध लंघनच. मलाही ते पटलं. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो, कारण ससा खरंच मरतो. सशाला एक दिवसाचंही लंघन झेपत न्हाई. तुमच्या घरी ससा असंल तर बाकी सगळं विसरा, पण एवढं ध्यानात ठेवा. दहा-बारा तास खाल्लं न्हाई आणि लेंडी टाकली न्हाई, तर घरचं औषध करत बसू नका, डॉक्टर गाठा.

दुपारी झाडताना मला दिसलं की कोपऱ्यात एकही लेंडी न्हाई. एरवी शेंगदाणे सांडल्यागत पसारा असायचा. मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. ते भले माणूस, खरं बोलले. "ताई, मी म्हशीचा डॉक्टर. ह्याला माझी सुई लागली तर आरपार जाईल. नांदेडला लहान जनावरांच्या डॉक्टर हायत, आजच्या आज जावा." लातूर जिल्हा झाला तेव्हा मी सातवीत होते, शाळेत पेढे वाटले होते. जिल्हा झाला तो झाला, सशाला डॉक्टर मात्र अजून शेजारच्या जिल्ह्यातच. भाजीच्या टोपलीत सरपंच, वर ओला पंचा, आणि मी एस.टी.त. अहमदपूर, लोहा करत साडेतीन तास. सगळ्या वाटेत मी पंच्याखाली हात घालून त्याचं अंग अजून गरम हाय का एवढंच बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. आतडं कुठं अडकलेलं तर न्हाई ना, ते आधी बघायचं असतं. अडकलेलं असलं तर भरवणं धोक्याचं. नशिबानं नुसता गॅस निघाला. मग कातडीखाली सलाईन दिलं, मानेमागं त्याचा उंटासारखा फुगा आला. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, आतडं चालवायचं औषध दिलं.

"पाणी किती पितो?" त्यांनी विचारलं.

दुष्काळाचं साल होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, टँकर आठ-दहा दिवसांनी गल्लीत. आम्ही भांडी पुसून घेत होतो. सरपंचाच्या वाटीत तळाशी बोटभर पाणी ठेवायची मी. हिरवं गवत तर बघायलाही मिळत नव्हतं, म्हणून हरभरे, बिस्किटं, शिळी भाकरी. हे सगळं मी सांगितलं आणि रडले.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "गवत द्या. वाळलेलं चालेल, वाळलेलंच पाहिजे. हरभरे, बिस्किटं बंद. आणि आता लेंडीची वाट बघायची. लेंडी आली की समजायचं, आतडं चालू झालं. नाही आली तर मला काही सांगता येत नाही."

बुधवारभर आम्ही पूजाच्या घरी वर्तमानपत्र अंथरून त्याच्यापुढं बसलो. दर दोन तासांनी सिरिंजनं पातळ केलेलं गवताचं पीठ, थोडं थोडं, ओठाच्या कडेनं. अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या पदरावर. पूजाचे सासरे भोकरचे. त्यांनी तिकडून वाळलेल्या गवताचा हा एवढा भारा पाठवला. पूजा म्हणाली, "आई, तू जेव ना." मी ताट बाजूला सारलं. मंगळवारी ज्या तोंडानं लंघनाला हो म्हणाले, त्याच तोंडानं कशी जेवणार?

गुरुवारी दुपारी कागदावर टप्प आवाज आला. एक लेंडी. बारीक, वाकडी, काळी. मी आयुष्यात सोनं हातात घेतलं तेव्हाही एवढी हरखले नव्हते. लगोलग लातूरला फोन लावला आणि ओरडले, "आत्याबाई, लेंडी आली!"

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्याबाईंना कमी ऐकू येतं. आणि त्यांचं माहेर मुखेडकडं, लेंडी नदीच्या काठावर. ती नदी दोन वर्षं कोरडी ठक्क पडलेली.

त्यांनी काय ऐकायचं ते ऐकलं. गल्लीत साखर वाटली. माहेरी भावाला फोन करून सांगितलं, "बाबुराव, लेंडी आली म्हणं!" बाबुरावमामा पंचाहत्तरीचे. मे महिन्याच्या उन्हात, ढगाचा पत्ता न्हाई, तरी धोतर सावरत नदीवर गेले. परत येऊन त्यांनी आम्हाला फोनवर जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. शेवटी एवढंच म्हणाले, "माणसाला पाणी न्हाई अन् तुमी सशाचं हागणं गाजवून राहिले!"

मी भाऱ्यासकट लातूरला परतले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, म्हैस मागच्या गाडीत हाय का?" मी टोपलीवरचा पंचा उचलून दाखवला. तो लोह्यापर्यंत हसत होता.

बरं झालं म्हणून विषय संपला, असं या दुखण्यात होत न्हाई. महिन्याभरात पुन्हा तेच. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तोंडात बारीक बॅटरी घालून मागच्या दाढा बघितल्या. सशाचे दात जन्मभर वाढतात, म्हातारपणी वाकडे झिजतात. दाढेला टोक येऊन जीभ चिरत होती. ह्याला मोलर स्पर म्हणतात, म्हणजे दाढेचा काटा. तो घासून काढला. "म्हातारा आहे. हे पुन्हा पुन्हा होणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती लवकर ओळखता, त्यावर सगळं." एवढं कळल्यावर माझी भीती निम्म्यानं कमी झाली. पुन्हा होणार तर होऊ दे, आता आम्ही आंधळे न्हाई.

आणि सगळ्यात जास्त बदलल्या त्या आत्याबाई. मी सरपंचाला घेऊन परतले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठल्या की आधी कोपरा बघायच्या, लेंड्या मोजायच्या, मला हाळी द्यायच्या. टँकरचं पाणी आलं की पहिली वाटी सरपंचाची. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, लिंगाची पूजा राहिली." तर म्हणाल्या, "आधी पोटोबा. महादेव काय पळून चाललाय?"

भादव्यात पाऊस बरा झाला. आणि एका सोमवारी, सोमवारच बघा, सरपंचानं पुन्हा तोंड फिरवलं. या खेपेला कुणी हसलं न्हाई. सकाळी सातला डॉक्टरीणबाईंना फोन, त्यांनी ठरवून दिलेली औषधं, सिरिंज. दुपारपर्यंत फरक पडला न्हाई तर नांदेड, म्हणून टोपली दारात काढून ठेवली. आत्याबाई कागद अंथरून त्याच्यापुढं मांडी घालून बसल्या. अंघोळ झालेली, पूजा न्हाई, पाणी न्हाई. स्वतःच्या हातानं त्याला भरवत होत्या आणि पुटपुटत होत्या, "खा रे बाबा. माझं चुकलं त्या वक्ताला. खा."

अकराच्या सुमारास फोन वाजला. बाबुरावमामा. मी स्पीकर लावला.

"आक्का, लेंडी आली! दोन्ही थड्या भरून!"

आत्याबाईंनी कागदावरची नजरसुद्धा हलवली न्हाई. "कुटं आली? मी हितंच बसलेय की सकाळधरनं. एक बी न्हाई."

"अगं नदी! आपली नदी!"

"हाव का? बरं झालं. मग बोलते, आता ठेव."

दोन वर्षं ज्या नदीसाठी त्या झुरल्या तिला त्यांनी असं ताटकळत ठेवलं. मी फोन ठेवला. आम्ही दोघी बसून राहिलो. मग सरपंच उठला, एक पाय ताणला, भोकरच्या गवताची एक काडी ओढली आणि कुरकुर चावायला लागला. आणि कागदावर टप्प, टप्प, टप्प.

आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. एक लेंडी तळहातावर घेतली, उजेडात धरून निरखली. गोल होती. मग मला म्हणाल्या, "बाबुरावला लाव."

मामांनी उचलल्या उचलल्या त्या ओरडल्या, "बाबुराव, आली रे, आली!"

"कोणती?"

"आपली," आत्याबाई म्हणाल्या, आणि पूजेला उठल्या.