चुन्याच्या रेषेवरच्या गाड्या

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला आमच्या पोस्टवरच्या तिन्ही गाड्या चुन्याच्या रेषेवर लागल्या. टायर पॉलिशने काळे केले होते, बंपर पुसून लख्ख केले होते. उंची साडेचौदा हजार फूट. रात्री पारा उणे पंचवीसपर्यंत उतरायचा. मी फौजेत हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. बॅटऱ्यांची जबाबदारी माझी होती.

आता नाशिकरोडला माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. विंचूरकडची हौशी मंडळी फोर बाय फोर घेऊन येतात. बॉनेट उघडलं की आत सगळं स्प्रे मारून चकचकीत. बॅटरीचं पाणी शेवटचं कधी पाहिलं, असं विचारलं की हसतात. "काका, गाडी एकदम टकाटक आहे." मला त्या चकचकीतपणाची शिसारी येते. माझं तोंड वाकडं का होतं ते त्यांना कळत नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यात, म्हणजे सेलमध्ये, शिशाच्या प्लेटा असतात आणि पाणी मिसळलेलं ॲसिड. हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या नळीत ते ओढून घ्यायचं. आतला तरंगता काटा बाराशे सत्तरच्या आसपास थांबला तर बॅटरी भरलेली. पातळी खाली गेली तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. पण नुसतं घातलेलं पाणी वरच राहतं. इंजिन अर्धा-पाऊण तास चालवलं, चार्जिंग झालं, की ते ॲसिडमध्ये मिसळतं. नाही मिसळलं तर कडाक्याच्या थंडीत वरच गोठतं. भरती झालेल्या पोरालाही हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

त्या दिवशी सेलची पातळी थोडी खाली होती. तेवढ्यावर रात्र सहज निघाली असती. पण सुभेदार साहेब म्हणाले, "सब सेल फुल चाहिए. साहब टॉर्च मारके देखता है."

सव्वाचारला पाणी भरून झालं. नायक सुभाष अहिरे चावी घेऊन गाडीत चढला. तो नामपूरचा, पहिल्या गाडीचा ड्रायव्हर. चार दिवसांपूर्वीच सुट्टीवरून आला होता.

"कोई स्टार्ट नहीं करेगा," सुभेदार साहेब म्हणाले. "धुएँ से चूना काला होता है."

अहिरे खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "उस्ताद, पानी टाकेल शे. आते गाडी चालू करनी पडी."

पाणी टाकल्यावर गाडी चालू करावीच लागते, हे मला माहीत होतं. सुभेदार साहेबांपेक्षा जास्त माहीत होतं. मी एवढंच म्हणालो, "सकाळी बघू." मग लॉगबुक उघडलं आणि लिहिलं: पाणी भरले, इंजिन तीस मिनिटे चालवले. खाली सही केली. रकाना रिकामा दिसला असता तर इन्स्पेक्शनला बोट ठेवलं असतं. एरवी आम्ही रात्री दर तीन तासांनी गाड्या सुरू करून ठेवायचो. त्या रात्री तेही बंद होतं.

सकाळी सहा दहाला मला उठवलं. अहिरे भिंतीला टेकून बसला होता. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येत होता. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "फुप्फुसात पाणी झालंय. खाली न्या. आत्ताच." पोस्टवर ऑक्सिजनचं एकच सिलिंडर होतं.

सहा पंचवीसला मी पहिल्या गाडीची चावी फिरवली. टक् झालं आणि संपलं. दुसऱ्या गाडीत तेवढंही झालं नाही. तिसरीची बॅटरी उघडली तर सेलच्या तोंडाशी बर्फ होता आणि डब्याला उभी चीर गेली होती. चौदा जणांनी गाडी ढकलली. सगळा चुना बुटांखाली आला. इंजिन धरलं नाही.

मी रेडिओवर गेलो. "मेडिकल केस. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी निघते. रस्त्यावर बर्फ आहे. दोन तास. ओव्हर."

परत आलो तेव्हा अहिरेने डोळे उघडले. आमचं काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं. "मनी गाडी चालू करा उस्ताद," तो म्हणाला. "ती लगेच धरस." त्याची गाडी चालू करतो, अशी मी मान डोलावली आणि त्याचा हात धरून बसलो.

खालून गाडी आठ पस्तीसला आली. आठ पन्नासला, उतारावरच्या तिसऱ्या वळणावर, अहिरे गेला.

अकरा वाजता दोन जवान पुन्हा चुना टाकत होते. बाराला इन्स्पेक्शनचे साहेब आले. दोन मिनिटं शांतता पाळली, मग इन्स्पेक्शन झालं. शेरा मिळाला: गाड्यांचा टर्नआउट, म्हणजे बाहेरून दिसणं, उत्तम, लॉगबुक अद्ययावत. चौकशीत मृत्यूचं कारण उंचीवरचा आजार आणि बॅटऱ्यांचं कारण अति थंडी असं लागलं. इंजिन चालवलं होतं का, असं मला विचारलं तेव्हा मी "येस सर" म्हणालो. सुभेदाराची किळस मला अजून येते. स्वतःची त्याहून जास्त येते, कारण त्याला बॅटरीतलं कळत नव्हतं आणि मला कळत होतं.

रिटायर झाल्यावर नामपूरला गेलो. अहिरेची बायको, सुनंदा वहिनी, अंगणात कांदा निवडत होती. घरच्यांना एवढंच कळवलं होतं की हवा मानवली नाही. मी पाण्यापासून सहीपर्यंत सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "तुमले माहीत व्हतं?"

"हो."

ती पुन्हा कांदा निवडू लागली. मला वाटलं, आता चालते व्हा म्हणेल. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "जठे खोटं लिखं, तठेच खरं लिखा."

ते लॉगबुक नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झालंय. म्हणून इथे लिहितो. सव्वाचारला पाणी भरले. इंजिन चालवले नाही. नायक सुभाष अहिरे, ड्रायव्हर, नामपूर, यांनी चालवायला सांगितले होते.