बाबांचं जर्मन विशेषण

बाबांबरोबर चालायचं म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. कॉलेजात असताना मी संध्याकाळी जर्मन शिकायला जायचे. ऑफिस सुटलं की बाबा मला क्लासवरून घ्यायला यायचे आणि आम्ही दिल्लीत करोल बागेतल्या घरी पायी यायचो. पायी कसलं, थांबत थांबत! आमच्याकडे साधी स्कूटर नव्हती, तरी हे गृहस्थ गाड्यांच्या पार्टच्या दुकानात शिरून आरशाचा भाव विचारणार, दुकानदाराचा चहा पिणार, आणि मी बाहेर धुमसत उभी. आता वाटतं, कसली एवढी घाई होती मला?

आई सरळ 'चेंगट' म्हणायची. मला मात्र क्लासच्या एका जुन्या पुस्तकात 'झाउमझेलिश' हे विशेषण सापडलं. वेळ काढत बसणारा, रेंगाळणारा. आमच्या मॅडम म्हणाल्या, हे आता कुणी बोलत नाही, लिहिण्यातच काय ते उरलंय. मला हर्षवायूच झाला! त्याच संध्याकाळी भर बाजारात मी ओरडले, "बाबा, तुम्ही अगदी झाउमझेलिश आहात!"

"अच्छा? म्हणजे काय गं?"

इतक्या कौतुकानं विचारलं त्यांनी की माझा धीरच झाला नाही. "म्हणजे... शांत. जिवाला घाई नसलेला माणूस," मी ठोकून दिलं.

झालं! ऑफिसात, गणपतीच्या मंडपात, बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, मुलीनं मला जर्मनमध्ये पदवी दिलीय म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगेन सांगेन म्हणता वर्षं गेली.

परवा बाबा आमच्याकडे गुरुग्रामला आले होते. माझी लेक शाळेत जर्मन शिकते. तिला त्यांनी मोठ्या ऐटीत आपलं विशेषण सांगितलं, आणि त्या बयेनं लगेच मोबाइलवर शोधलं. "आजोबा, याचा मतलब तर स्लो! टाइमपास करणारा!"

"बाबा, मी तेव्हा खोटं सांगितलं. रागावले होते हो तुमच्यावर."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी लायब्ररीत जाऊन डिक्शनरी बघितली होती."

"मग सगळ्यांना सांगत कशाला फिरलात?"

"अगं, त्या दिवसांत तू माझ्याबद्दल चांगलं असं तेवढंच बोलली होतीस."