मामांचा आवाज येईना

आमच्या घरात कॉम्प्युटर बिघडतो तो माझ्यामुळे आणि दुरुस्त करतो तोही मीच, म्हणून घरात मला तज्ज्ञ समजतात. मागच्या वर्षी मी जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स बसवलं. फुकट, व्हायरस नाही, कुणाची मक्तेदारी नाही, हे भाषण जेवताना इतक्यांदा दिलं, की मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणायची, "कळलं, मक्तेदारी न्हाई. आमटी घ्या."

पुतणीच्या लग्नाची सुपारी धारूरला, आमच्याच घरी ठरली. मुलीच्या मामानं 'फोडा' म्हटल्याशिवाय आमच्यात सुपारी फुटत नाही. मामा म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ, आणि ते आष्टीला पायाला प्लास्टर घालून पडलेले. वहिनींच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलंय. "माझ्या भावाचा शब्द चार माणसांत ऐकू गेला पायजे," एवढंच त्यांचं मागणं होतं. मोबाइलवर सहज भागलं असतं. पण मी म्हणालो, मोठ्या पडद्यावर दाखवतो, आणि शेजाऱ्याचा मॉनिटर मागून आणला.

मुलाकडचे, बीडचे पाहुणे सतरंजीवर बसले. मी कॉल लावला. मामा दिसले. नवा फेटा, पाय समोरच्या खुर्चीवर. ओठ हलले, हात वर झाला, आवाज मात्र काही येईना.

स्पीकरची वायर हलवली. आवाजाची पट्टी टोकापर्यंत नेली. मग ती काळी खिडकी उघडून इंग्रजी आज्ञा बडवायला लागलो. पाहुण्यांवर छाप पडत असेल, असं मला तेव्हाही वाटत होतं.

"फोन लाव की सरळ," दादा म्हणाला.

"दोनच मिनिटं, दादा."

पडद्यावर मामांचं चालूच होतं. सगळे माझ्या पाठीकडे बघतायत हे जाणवून मी पाहुण्यांना म्हणालो, "एका परीनं बरंच हाय. आमचे मामा एकदा सुरू झाले की पोरीला लेकरं व्हतील, पण सुपारी काय फुटायची न्हाई." पाहुणे हसले. मला जोर चढला. मामांचे ओठ हलतील तसे मी ओठ हलवले, हातवारे केले, प्लास्टरचा पाय उचलल्याचंही सोंग केलं. मुलाचे वडील तर डोळे पुसायला लागले. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत.

मामांचा वर झालेला हात तसाच थांबला. मग हळूच मांडीवर आला.

"नेट गेलं वाटतं," मी म्हणालो. "चित्रच अडकलं."

तेवढ्यात चूक सापडली. मागून आणलेल्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता, आणि लिनक्स सगळा आवाज इमानेइतबारे त्याच्याकडेच पाठवत होतं. सेटिंगमध्ये मॉनिटरच्या नावाखालची स्पीकरची ओळ निवडायची, एवढंच काम. निवडली. स्पीकरमधून आधी पंख्याची घरघर आली, मग लांबून एक शेळी ओरडली. तेव्हा कुठे मी पडद्याकडे नीट पाहिलं. मामांच्या मागचं कॅलेंडर वाऱ्यानं फडफडत होतं. चित्र अडकलेलं नव्हतं. मामाच गप्प झाले होते.

"पाव्हणं, येतोय का आता आवाज?" मामांनी मला विचारलं.

"येतोय, मामा."

"मंग फोडा सुपारी."

एवढंच बोलून त्यांनी पडद्यातूनच हात जोडले. पोरीला उद्देशून काही नाही, पाहुण्यांना काही नाही. दादानं सुपारी फोडली, पेढे वाटले.

रात्रीची भांडी आवरताना वहिनींनी विचारलं, "आपलं बोलणं तिकडं जात व्हतं का हो?"

मी सांगायला लागलो, की माइक कॅमेऱ्यातच असतो, त्याचा स्पीकरशी काही संबंध नाही, दोन्ही वेगवेगळी...

"म्हंजे जात व्हतं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी नळ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला मामांना फोन केला. पाय कसाय विचारलं. "बरा हाय." पाऊस विचारला. "न्हाई." मग शेळीचंही विचारलं. "हाय." एरवी ह्या माणसाचा फोन आपल्याला काहीतरी निमित्त काढून ठेवावा लागतो.

"ठेवू का?" मामांनी विचारलं.