एकाच नाकपुडीचं दुखणं

आई दर उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या मिरची कांडायच्या डंकावर वर्षाची चटणी कुटायला जायची. तिथं सगळ्यांचंच नाक चुरचुरायचं. पावसाळ्यात डंक बंद झाला, तरी तिची डावी नाकपुडी दुखतच राहिली. त्याच बाजूनं रक्तही यायचं.

"चटणीच हाय, दुसरं काय न्हाय," ती म्हणायची.

"मग तूप सोड की नाकात!" मी खेकसायचो.

दिवाळीत गाल सुजला, तेव्हा कुठं तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "चटणीनं एकच नाकपुडी कशी दुखेल?"

एवढा शिकलेला मी, पण चार महिन्यांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

नाकात कॅन्सरची गाठ निघाली. पुढच्या उन्हाळ्याआधीच आई गेली. डंक अजून चालतो. तिथून जाताना माझ्या दोन्ही नाकपुड्या चुरचुरतात.