आमच्या पराभवाच्या बातम्या लिहिणारी शालिनी

मला सगळ्यात जास्त वेळा हरताना पाहिलेली बाई आज सकाळी गेली.

शालिनी.

तुमच्यापैकी काही जण तिला उरणकडच्या शाळेतल्या कडक बाई म्हणून ओळखता. मी तिला त्याच्या खूप आधीपासून ओळखतो.

साठच्या दशकातली गोष्ट. आज मी खारघरच्या फ्लॅटमध्ये बसून हे टाइप करतोय, पण तेव्हा नवी मुंबई हे नावही कोणी ऐकलं नव्हतं. खाडी, भातशेती, मिठागरं. मी जासईहून सायकल मारत पनवेलला कॉलेजला जायचो.

कॉलेज नवीन, छोटंसं. मुंबईहून आलेल्या पी.टी.च्या सरांनी हौसेने फुटबॉलची टीम काढली. आमच्यातल्या निम्म्यांनी त्याआधी फुटबॉल पाहिलाही नव्हता. बूट कोणाकडेच नव्हते. मी उंच, म्हणून मला गोलकीपर केलं.

पहिली मॅच भात कापून झालेल्या शेतात झाली. पायाला धसकटं टोचत होती.

पाच-शून्य. अर्थात, पाच त्यांचे.

सोमवारी नोटीस बोर्डावर सुंदर अक्षरातला एक कागद लागला होता.

"आपला संघ पाच गोलांनी पराभूत झाला. चौथ्या गोलाच्या वेळी गोलकीपरने डोळे मिटून घेतले होते."

खाली सही. शालिनी, इंटर आर्ट्स.

अख्खं कॉलेज हसलं.

ती बेलापूरच्या कोळीवाड्यातली. आई पनवेलच्या बाजारात मासे विकायची. कॉलेजात मुली अगदी थोड्या, आणि त्यांच्याशी बोलायची आमची टाप नव्हती. पण मी इतका तापलो होतो की सरळ लायब्ररीत तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही असं का लिहिलंत?"

तिने पुस्तकातून मान वर केली. "मिटले होते की नाही?"



"मिटले होते," मी म्हणालो.

"मग पुढच्या वेळी उघडे ठेवा. मी तेही लिहीन."

पुढच्या मॅचला मी डोळे सताड उघडे ठेवले. बॉल थेट नाकावर बसला, रक्त आलं, पण गोल वाचला. तरी आम्ही चार-शून्यने हरलोच.

सोमवारी बोर्डावर पहिलंच वाक्य होतं, "गोलकीपरचे डोळे उघडे होते."

खरं सांगतो, पुढे नोकरीत प्रमोशनचं पत्र आलं तेव्हाही मी एवढा हरखलो नाही.

त्यानंतर आम्ही हरत राहिलो आणि ती लिहीत राहिली. कोण धावला, कोण दमला, कोणी पडलेल्या समोरच्या पोराला हात दिला. एकही खोटं वाक्य नाही. ते वाचून पोरं मॅच बघायला यायला लागली. आधी चार टाळकी असायची, मग मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा मिळेना.

पाचवी मॅच हरल्यावर प्रिन्सिपॉल साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. तिलाही.

"हरता ते हरता, वर बोर्डावर त्याची जाहिरात! बाहेरचे लोक हसतात आपल्या कॉलेजला. शेवटची मॅच रद्द."

आमचा कॅप्टन दत्तू खाली बघत राहिला. आम्ही सगळेच.

बोलली ती एकटी. एरवी कॉलेजात पुस्तकी बोलणारी शालिनी त्या दिवशी घरच्या बोलीत बोलली.

"सर, हसतात ते बाहेरचे. आपली पोरं दर मॅचला बघायला येतात ना? जिंकनार नाय ते त्यांना म्हाईत हाय. तरी येतात. मॅच होऊ द्या."



"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मॅच होईल. पण बोर्डावर यापुढे एक अक्षरही लागणार नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. एका क्षणात.

शेवटची मॅच आम्ही तीन-एकने हरलो.

हो, एक! दत्तूने मारला. सीझनमधला आमचा एकुलता एक गोल. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पाहुण्या टीमला कळेना, जिंकलं कोण.

सोमवारी बोर्ड रिकामा होता. आम्ही सगळे सवयीने तिथे जाऊन उभे राहिलो आणि परत आलो.

त्याच आठवड्यात आईने मला बाजारात मासळी आणायला पाठवलं. एका कोळणीभोवती गर्दी. सुरी चालूच, आणि तोंडही.

"आन त्या दत्तूनं असा मारला! आन त्यो गोलकीपर, धा गोल आडवले त्यानं!"

मी कसेबसे तीन अडवले होते.

मागे बसलेली शालिनी मला बघून लाजली. "आये, योच तो," ती हळूच म्हणाली.

तिच्या आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मांदेलीचा भलामोठा वाटा माझ्या पिशवीत ओतला. "जा. खा आन खेल."

पुढे ती शिक्षिका झाली, मी कंपनीत लागलो. लग्नाकार्यात भेटायचो. शेवटपर्यंत एकमेकांना 'तुम्ही'च.

गेल्या महिन्यात बेलापूरला तिच्या घरी गेलो होतो. खूप थकली होती. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"बोर्ड सोडताना वाईट नाही वाटलं?"

"लय वाटलं. दोन दिवस जेवले नाय मी." मग हसली. "पन मना तुमची मॅच बघायची होती."

मी म्हणालो, "थँक्यू शालिनी. तेव्हा म्हणायचं राहून गेलं."

"आता म्हनलात ना? चहा घ्या, निवतोय."

त्या टीममधले आम्ही आता तिघेच उरलोय. मघाशी दोघांनाही फोन केला. दत्तू फोनवर नुसता रडला.

शालिनी, तुम्हाला आम्हा अकराही जणांचा शेवटचा नमस्कार.