दोन सहाची बांगडी

आज मोहल्ल्याच्या तोंडाशी कॅन्सर तपासणीची गाडी आली. तिचा कर्णा असा ओरडत होता की मशिदीवरची कबुतरं पार तालुक्याबाहेर गेली. म्हाताऱ्या बायका मात्र दारावरच्या पडद्याबाहेर आल्या नाहीत. बांगड्या भरणारी चाँदखाला मला आठवली.

ईदेआधी खाला टोपली घेऊन थेट चुलीपर्यंत यायची. तिच्या मुठीत हात दिला की हाडं लोणी व्हायची आणि मुसळासारख्या हातावर अंगठीएवढी बांगडी सरसर चढायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या! साऱ्या मोहल्ल्याची मनगटं तिला तोंडपाठ होती.

एका ईदेला माझ्या आईचा हात धरून ती थबकली. "सलमाबी, गेल्या ईदेला दोन सहाच्या मापाची भरली होती. आज दोन चारही सैल होतेय. काय लपवतेस?"

"काही नाही गं. वय झालं."

"वयानं दात पडतात, मनगट नाही वाळत. बोल!"

छातीतली गाठ आईनं अब्बांनाही सांगितली नव्हती. खालानं टोपली तिथंच टाकली नि तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

आता खाला नाही. गाडीतलं यंत्र भारीच असेल, पण त्याला चुलीपर्यंत कोण नेणार?

एवढ्यात समोरून आमची ऐंशीची आई आली, शेजारच्या रहिमाबीचं मनगट घट्ट धरून. "चल मुकाट्यानं, नाहीतर ओढाताणीत बांगड्या फुटतील!"

मूठ अगदी खालाची होती.