रुमालात बांधलेलं टोकन

पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडे ठरलेलं. पण डॉक्टरांनी आमच्या लेकीला, शीतलला प्रवास बंद केला आणि ती हैदराबादेत. म्हणजे माहेरानंच तिकडं जायचं. आमच्या ह्यांचं जालन्यात मस्तगडला किराणा दुकान. ते म्हणाले, "तुला पोचवायला दुकान बंद ठेवणं मला जमणार न्हाई. सातव्याच्या ओटीला एकटी जाऊन दाखव. आन् जावयांनी घ्यायला यायचं न्हाई. ऐन वेळी ते दवाखान्यात थांबतील का तुला हुडकत फिरतील? जमलं तर बाळंतपणाला तू जा, न्हाई तर विहीणबाई जातील."

विहीणबाई केदारखेड्याच्या. मनाने चांगल्या आहेत, पण तरी. शीतल फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तूच ये."

मंगळवारी देवापुढं दिवा लावून निघाले. पिशवीत ओटीचं सामान, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नावाचा रुपया कुंकू लावून वेगळा घेतला. मस्तगडहून नवीन जालन्याच्या स्टेशनपर्यंत सीटवर रिक्षा मिळते, वीस रुपये. माझ्या लग्नात वऱ्हाड ह्याच रस्त्यानं टांग्यातून आल्तं. टांगेवाला सासऱ्यांच्या ओळखीचा, त्यानं विचारलंसुद्धा नाही, थेट दारात आणून सोडलं. आताचा रिक्षावालाही म्हणाला, "मावशी, फलाट बघून चढा बरं." आपल्याकडे असं कुणी ना कुणी सांगतंच.

संध्याकाळची गाडी सकाळी सिकंदराबादला पोचते. स्लीपरचं तिकीट तीनशेच्या थोडं वर. चहा घरून थर्मासमध्ये नेला तर बरं, गाडीतला नुसता गरम असतो.

सिकंदराबादला उतरले आणि खरा गोंधळ सुरू झाला. तिथं बस बायकांना फुकट आहे, पण आधार तिथलं पाहिजे. माझं जालन्याचं. मग मेट्रो. ती जमिनीवर नाहीच, रस्त्याच्या वर खांबांवरून जाते. सरकत्या जिन्यापाशी मी दोन बायकांना पुढं जाऊ दिलं आणि शेवटी साध्या जिन्यानं चढले. खिडकीवर "मियापूर, लेडीज हाफ" म्हणाले. एस.टी.ची सवय. खिडकीतला म्हणाला, "अम्मा, हाफ नई है." त्यानं कागद न देता एक गोल प्लास्टिकचं टोकन दिलं, नाण्याएवढं. पुढच्या बाईनं केलं तसं फाटकाला टेकवलं, फाटक उघडलं. मला वाटलं, टोकनाचं काम संपलं. तपासनीस आला तर दाखवू.

अमीरपेटला गाडी बदलावी लागते. तिथं एकावर एक दोन फलाट आहेत. मी जिना चढले तर अमीरपेट, उतरले तरी अमीरपेटच. सगळे जल्दी जल्दी चाललेले, कानात वायरी. कुणाला विचारावं तर मान मोबाइलमध्ये. इथूनच परत फिरावं लागलं तर ह्यांना काय सांगू, आणि शीतलला काय सांगू?

खांबाला टेकून उभी राहिले. ओटीतली हळद रुमालाच्या कोपऱ्याला लावली, मुठीतला रुपया त्यात ठेवून डोळे मिटले आणि गाठ मारली. "आई मत्स्योदरी, लेकीच्या दारात पोचव. बाळंतपणाला मलाच येऊ दे. ती मोकळी झाली की तुझ्या पायरीवरच ही गाठ सोडीन." डोळे उघडले तर समोरच्या पाटीवर मियापूर. हात जोडून चढले. डबा थंडगार, बायकांची जागा वेगळी. चांगली सोय आहे.

मियापूरला पुन्हा फाटक. लोक टोकन एका फटीत टाकून बाहेर पडत होते. मी पाकिटात हात घातला तर हाताला आला कुंकवाचा रुपया.

पहारेकरी बाई म्हणाली, "अम्मा, रुपया नक्को. टोकन डालो."

मी रुमाल चाचपला. गाठीत रुपया समजून बांधलेलं टोकन होतं.

"अंदर है," मी म्हणाले. "देवी की गाठ है. खोलने का न्हाई."

तिनं हळदीकडं पाहिलं, तिचा आवाज खाली आला. "मुडुपु? मन्नत का? हमारे में भी बांधते. बीच में खोलते नई." म्हणजे आता दोघी अडकलो. मागं रांग वाढली. एक पोरगा म्हणाला, "आंटी, पूजा बाद में." ती त्याला म्हणाली, "तेरे को अम्मा नई क्या? उधर से जा."

मला म्हणाली, "टोकन गुम गया बोलके दंड भर दो, गाठ रहेगी."

दंडाचं ऐकून जीव खाली-वर झाला, खोटं कशाला सांगू. पण अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. टोकन मेट्रोचं, माझं नव्हतंच. दुसऱ्याची वस्तू बांधून देवीला काय नवस बोलायचा? आणि हरवलं नसताना हरवलं म्हणायचं, तेही देवीच्या नावावर.

मी चप्पल काढली आणि गाठ सोडली. पहारेकरी बाईनं तेवढा वेळ तोंड फिरवलं. टोकन फटीत टाकलं, हळदीसकट. फाटक उघडलं.

शीतलचं घर तिथून रिक्षानं जवळ. तिनं दार उघडलं, माझ्या मागं बघितलं, आणि कुणी नाही म्हटल्यावर पोटाला हात लावून हसली. ओटी भरली, चार दिवस राहिले, त्याच रस्त्यानं परत आले. परतीला टोकन शेवटपर्यंत हातात.

जाणार असाल तर एवढंच: टोकन बाहेर पडेपर्यंत लागतं, आणि अमीरपेटला घाबरून जिने चढ-उतर करू नका, पाटी वाचा.

बाकी मला अजून उलगडलेलं नाही. नवस झाला का? गाठीत रुपया नव्हता, आणि गाठ तर वाटेत सुटली. तरी दारात पोचलेच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "पाटी वाचून पोचलीस. देवीला कशाला मधी घेतीस?" पुजाऱ्यांना विचारायचं अजून धाडस झालं नाही.

काल केदारखेड्याहून फोन आला. विहीणबाई म्हणाल्या, "मंग ताई, कसं करता? मी भरू का पिशवी?" हे गल्ल्यावरून माझ्याकडं बघत होते.

"नका भरू," मी म्हणाले. "मीच जाते."

फोन ठेवला, मग रुमाल घेतला. रुपया हळदीत ठेवला आणि डोळे उघडे ठेवून गाठ मारली.